700 गुणांची भिंत आणि जॉन थॉम्पसन

14 जानेवारी 1989 रोजी मेरीलँडमधल्या लँडोव्हर इथे, कॅपिटल सेंटरमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि बॉस्टन कॉलेज यांचा बास्केटबॉल सामना होता. सामन्याचा पहिला चेंडू उडण्याआधीच जॉर्जटाउनचे कोच जॉन थॉम्पसन उठले आणि मैदानाबाहेर चालू लागले. सहा फूट दहा इंच उंचीचा हा माणूस सामन्याला कायम खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून उभा असायचा. तो निघून चाललाय हे सबंध सभागृहाला दिसलं. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, कारण तो का चालला आहे हे त्यांना ठाऊक होतं.

तीन दिवस आधी सॅन फ्रान्सिस्कोत एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेचं अधिवेशन झालं होतं. तिथे 163 विरुद्ध 154 मतांनी ‘प्रपोझिशन 42’ मंजूर झालं. त्याआधीच, 1986 पासून ‘प्रपोझिशन 48’ लागू होतं. त्यानुसार शाळेतल्या अकरा मुख्य विषयांत 4.0 पैकी 2.0 सरासरी आणि कॉलेजप्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेत 1600 पैकी किमान 700 गुण, या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्यालाच पहिल्या वर्षी खेळता येई. शालेय सरासरी ठीक असूनही जो यात कमी पडे, त्याला एक वर्ष बाहेर बसावं लागे. पण शिष्यवृत्ती मिळत राही, वर्ग चालू राहत, आणि अभ्यास सावरला की पुढच्या वर्षी मैदानावर येता येई. नव्या ठरावाने ही फट बुजवली. 700 नाहीत ना, मग शिष्यवृत्तीही नाही. ज्याच्या घरात फी भरायला पैसे नाहीत त्याच्यासाठी याचा अर्थ कॉलेजच नाही, एवढाच होता. आणि याची झळ बसणाऱ्यांत बहुतेक मुलं कृष्णवर्णीय होती.

थॉम्पसन पुढच्या प्रॉव्हिडन्सच्या सामन्यालाही बाकावर आले नाहीत. आठवडाभर वर्तमानपत्रं आणि टीव्ही याच विषयावर बोलत राहिले. एनसीएएच्या धुरिणांनी ठरावाचा फेरविचार करण्याची तयारी दाखवली, तेव्हाच ते परतले. वर्षभराने, जानेवारी 1990 मध्ये त्या ठरावाची धार बोथट करण्यात आली. खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण गरजू विद्यार्थ्याला मिळणारी आर्थिक मदत घेता येईल, अशी वाट ठेवली गेली.

हा कोच अभ्यासाच्या बाबतीत ढिला असता, तर त्याच्या निषेधाला किंमत राहिली नसती. चांगला खेळाडू हातचा जाईल म्हणून ओरडतोय, असं म्हणून लोकांनी विषय संपवला असता. पण थॉम्पसन यांच्याइतका वर्गाच्या बाबतीत कडक कोच त्या काळात शोधून सापडला नसता. म्हणूनच गुणवत्तेच्या नावाने प्रवेशाच्या दारात रेषा मारणाऱ्या सगळ्यांनी ही कारकीर्द नीट पाहावी, असं मला वाटतं. अभ्यासाचा कडकपणा आणि प्रवेशाचा कट-ऑफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट पुष्कळदा पहिली टाळण्यासाठी वापरली जाते.

थॉम्पसन 1941 साली वॉशिंग्टनमध्ये जन्मले. वडील टाइल्सच्या कारखान्यात कामाला, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आई शिकलेली, तरी लोकांच्या घरची कामं तिच्या वाट्याला आली. लहानपणी जॉनला वाचन जमत नसे. कॅथलिक शाळेतल्या शिक्षकांनी मुलगा मंद आहे असं ठरवलं आणि त्याला ती शाळा सोडावी लागली. पुढे सार्वजनिक शाळेत सहावीला भेटलेल्या एका शिक्षिकेने त्याला वाचायला लावलं. त्याच मुलाने प्रॉव्हिडन्स कॉलेजची पदवी घेतली, बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघात दिग्गज बिल रसेल यांचा बदली खेळाडू म्हणून दोन हंगाम काढले, दोन्ही वर्षी विजेतेपद पाहिलं, आणि खेळ सोडून वॉशिंग्टनच्या सेंट अँथनी शाळेत कोच म्हणून रुजू झाला. सोबत समुपदेशनाची पदव्युत्तर पदवीही मिळवली. दहाव्या वर्षी त्याची बुद्धी मोजणाऱ्यांचं मोजमाप किती चुकलं होतं, हे त्याच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं.

1972 साली जॉर्जटाउनने त्यांना बोलावलं, तेव्हा आदल्या हंगामात त्या संघाने 26 पैकी 23 सामने गमावले होते. आणि हे विद्यापीठ कसलं, तर येशू संघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी 1789 मध्ये स्थापलेलं, प्रतिष्ठित, जवळजवळ पूर्ण गोरं. तेही अशा शहरात जिथे बहुसंख्य लोक काळे होते. याच संस्थेचं कर्ज फेडण्यासाठी 1838 साली मेरीलँडच्या येशू संघीयांनी 272 गुलाम माणसं लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली होती. त्यांत बायका होत्या, तान्ही मुलं होती. (गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपला ग्रंथ अर्पण केला. ती मुक्ती कसल्या व्यवहारांपासून होती, हे अशा विक्रीच्या यादीवरून समजतं.) ज्या संस्थेचा पाया माणसं विकून शाबूत राहिला, तिथे दीडशे वर्षांनी एखाद्या काळ्या मुलाला ‘तुझे 680च गुण आहेत’ असं सांगून परत पाठवायचं, याला मी तरी गुणवत्तेचं रक्षण म्हणू शकत नाही. 2016 मध्ये जॉर्जटाउनने त्या 272 जणांच्या वंशजांना प्रवेशात प्राधान्य देण्याचं जाहीर केलं. थॉम्पसन तोवर निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती.

त्यांनी नेमणुका करताना पहिल्या काही जणांतच मेरी फेन्लन यांना सोबत घेतलं. त्या पूर्वी नन होत्या, सेंट अँथनीत शिकवत होत्या, आणि बास्केटबॉलशी त्यांचा संबंध एवढाच की खेळाडूंचा अभ्यास ही त्यांची जबाबदारी होती. कोणता खेळाडू कोणत्या तासाला गेला नाही, कुणाचा निबंध राहिलाय, हे त्या बघायच्या. आणि सामन्याच्या वेळी त्या प्रशिक्षकांच्या बाकावर, खेळाडूंच्या रांगेत बसायच्या. कॅमेरा फिरला की घामाने डबडबलेल्या उंचच उंच मुलांमध्ये ही बाई दिसायची. या संघात अभ्यास कुठे बसतो हे सांगायला थॉम्पसन यांना वेगळं भाषण करावं लागलं नाही. कार्यालयात त्यांच्या टेबलावर हवा काढलेला एक बास्केटबॉल ठेवलेला असे. चेंडूतली हवा गेली की तुझ्याकडे काय उरेल, असा प्रश्न ते येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारत.

आता पॅट्रिक युइंगची गोष्ट. जमैकात जन्मलेला हा मुलगा शाळकरी वयात मॅसॅच्युसेट्सला आला. तो देशातला सर्वांत मागणी असलेला शालेय खेळाडू झाला, तेव्हा त्याच्या शाळेच्या कोचने कॉलेजांना एक पत्र पाठवलं. या मुलाला अभ्यासात शिकवणी लागेल, परीक्षेत जादा वेळ लागेल, असं त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. ते पत्र बाहेर फुटलं आणि देशभर त्याची टवाळी सुरू झाली. प्रतिस्पर्धी प्रेक्षक ‘युइंगला हे वाचता येत नाही’ असे फलक, मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगमध्ये, सामन्यांत झळकवू लागले. मैदानात केळी फेकली गेली. मदत लागणं हीच ज्यांना नालायकीची खूण वाटते, ते असे वागतात. युइंग चार वर्षं जॉर्जटाउनमध्ये राहिला. मधेच व्यावसायिक करार घेऊन निघून जाणं त्याला सहज शक्य होतं. 1985 साली तो पदवी घेऊनच बाहेर पडला. तोपर्यंत त्याने संघाला तीनदा अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं आणि 1984 मध्ये सिअॅटलला ह्यूस्टनविरुद्ध 84-75 असं विजेतेपद मिळवून दिलं होतं. कृष्णवर्णीय कोचने एनसीएएच्या सर्वोच्च श्रेणीतलं पुरुष विजेतेपद जिंकण्याची ती पहिली वेळ.

त्याआधी, 1982 च्या अंतिम फेरीच्या वेळी पत्रकारांनी थॉम्पसन यांना विचारलं होतं, इथवर पोचलेले पहिले कृष्णवर्णीय कोच म्हणून तुम्हाला कसं वाटतं? ते भडकले. माझ्याआधी कुणी लायकच नव्हतं असा याचा अर्थ होत असेल तर हा प्रश्नच अपमानास्पद आहे, माझ्याआधीच्यांना संधी नाकारली गेली, असं त्यांनी सुनावलं. कट-ऑफच्या वादातही त्यांचं म्हणणं नेमकं हेच होतं. रेषेच्या पलीकडे कोण नाही हे सगळे बघतात. त्यांना तिथवर येऊ कुणी दिलं नाही, हे कुणी विचारत नाही.

1984 च्या विजेत्या संघात मायकेल ग्रॅहम नावाचा पहिल्या वर्षाचा खेळाडू होता. डोकं तासलेला, रांगडा, रिंगखाली कुणाला उभं राहू न देणारा. अंतिम सामन्यात त्याचा वाटा मोठा होता आणि पुढची तीन वर्षं तो गाजवणार हे सगळे धरून चालले होते. वर्ग बुडवणं आणि अभ्यास न करणं चालूच राहिलं, तेव्हा थॉम्पसन यांनी त्याला पुढच्या हंगामातून काढून टाकलं. तो जॉर्जटाउनसाठी पुन्हा कधीच खेळला नाही. त्या हंगामाच्या शेवटी जॉर्जटाउन पुन्हा अंतिम सामन्यात होतं, आणि व्हिलानोव्हाकडून 66-64 असं दोन गुणांनी हरलं. ग्रॅहम असता तर काय झालं असतं, याची चर्चा तिकडे अजून होते. विजेतेपदाची किंमत मोजूनही कोचने नियम पाळला, म्हणून मी या प्रसंगाला विजेतेपदाच्या वर ठेवतो. पण त्याचबरोबर हेही मान्य केलं पाहिजे की ग्रॅहमच्या बाबतीत थॉम्पसन हरले. आत घेतलेला प्रत्येक मुलगा वाचतोच असं नाही. मात्र ग्रॅहमला आधी दार उघडं मिळालं होतं. तो स्वतःच्या वागण्यामुळे बाहेर गेला, सतराव्या-अठराव्या वर्षी दिलेल्या एका परीक्षेमुळे नव्हे. माझ्या दृष्टीने न्याय आणि अन्याय यांतला फरक इथेच आहे.

चार वर्षं पूर्ण केलेल्या त्यांच्या 78 खेळाडूंपैकी 76 जणांनी पदवी मिळवली. 1972 ते 1999 या काळात त्यांनी 596 सामने जिंकले, पण विजयांचे आकडे त्यांच्याहून मोठे असलेले कोच आहेत. पदव्यांचा हा आकडा गाठणारे फार नाहीत.

विरुद्ध बाजूने बोलणारे सगळे वर्णद्वेषी होते, असं म्हणून वाद जिंकता येणार नाही, कारण प्रपोझिशन 42 च्या बाजूने आर्थर अॅश उभे होते. विम्बल्डन जिंकलेला पहिला कृष्णवर्णीय पुरुष, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढलेला, स्वच्छ विचारांचा माणूस. अॅश यांचं म्हणणं असं की काळ्या मुलांना कमी गुणांवर आत घेत राहिलं तर शाळा आणि घर दोघंही त्यांच्याकडून अभ्यासाची अपेक्षा ठेवणं सोडून देतील. खेळ येतो ना, बस झालं, असं होईल. अट कडक करा, मुलं ती पुरी करतील. हा युक्तिवाद हलका नाही. 700 ही रेषा काही आभाळाला भिडलेली नव्हती, आणि चार वर्षं कॉलेजसाठी खेळून हातात पदवी न घेता बाहेर पडणारी शेकडो मुलं त्या काळात सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. अॅश यांचा राग खरा होता.

तरी मला थॉम्पसन यांची बाजू बरोबर वाटते. अॅश यांनी अपेक्षेचं सगळं ओझं मुलावर टाकलं. ज्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक टिकत नाही, जिथे एसएटीची शिकवणी लावायला कुणाच्या आईबापाकडे पैसे नाहीत, त्या शाळेला या नियमाने काहीही दंड नव्हता. आणि जी कॉलेजं त्याच मुलांच्या खेळावर टीव्ही प्रक्षेपणाचे करार मिळवत होती, त्यांनाही नव्हता. किंबहुना त्यांची सोय झाली: ज्यांना शिकवायला कष्ट पडतील असे विद्यार्थी आलेच नाहीत तर पदवीचे आकडे आपोआप सुधारतात. नियम झाला तो मुलांच्या भल्यासाठी म्हणून, पण त्यातून सुटका झाली ती प्रौढांची.

आपल्याकडे हा वाद अनोळखी नाही. अकरावी प्रवेशाची यादी लागली की महाराष्ट्रात घराघरांत दशांशापर्यंत गुणांची चर्चा होते. खेळाडूंना दहावी-बारावीला मिळणारे वाढीव क्रीडागुण असोत, नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण असो, की सामाजिक आरक्षण, आपली सगळी तावातावाची भांडणं प्रवेशाच्या क्षणाभोवती घुटमळतात. अमुक गुणांवर आत आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी कोणी हात दिला, त्याचं इंग्रजी सुधारावं म्हणून वर्ग झाले का, तो तिसऱ्या वर्षी कुठे होता, याचा हिशेब मागणारा मोर्चा मी पाहिलेला नाही. जॉर्जटाउनमध्ये बाकावर बसणारी मेरी फेन्लन ही आपल्या किती महाविद्यालयांत आहे, हा प्रश्न मला गुणांच्या टक्केवारीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

थॉम्पसन यांची प्रत्येक गोष्ट मी उचलून धरत नाही. त्यांच्या संघाचा सराव बंद दाराआड चाले, खेळाडूंना पत्रकारांपासून दूर ठेवलं जाई, आणि त्यामागचं कारण समजत असलं तरी प्रौढ मुलांना बोलू न देणं मला पटत नाही. पैशाचा मुद्दा त्याहून मोठा आहे. बुटांच्या कंपनीकडून त्यांना मानधन मिळत असे आणि 1991 पासून ते नायकीच्या संचालक मंडळावर होते. ते बूट घालून खेळणाऱ्या मुलांना मात्र त्यातला एक डॉलर घेण्याचीही मुभा नव्हती. नियमच तसे होते हे खरं. पण एका अन्यायी नियमासाठी सामना सोडून जाणारा माणूस दुसऱ्या अन्यायी नियमाचा लाभ घेत राहिला, हेही खरं.

याच माणसाने 1989 च्या सुमारास वॉशिंग्टनमधला सर्वांत मोठा कोकेनविक्रेता रेफुल एडमंड याला आपल्या कार्यालयात बोलावून, माझ्या पोरांपासून लांब राहा, असं तोंडावर सांगितलं. आणि 1994 साली, बोलिंग अॅलीतल्या मारामारीच्या खटल्यात तुरुंगात जाऊन आलेल्या अॅलन आयव्हरसन या शाळकरी खेळाडूला कुणी हात लावायला तयार नसताना, त्याच्या आईची विनवणी ऐकून त्याला आत घेतलं. ती शिक्षा पुढे न्यायालयात टिकलीही नाही. आयव्हरसन पदवी न घेता दोन वर्षांनी व्यावसायिक खेळाकडे गेला. थॉम्पसन यांच्या खेळाडूंत असं मधेच जाणारा तो पहिला. 2016 मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये सन्मान झाला तेव्हाच्या भाषणात त्याने, माझा जीव वाचवल्याबद्दल आभार, असं थॉम्पसन यांना उद्देशून म्हटलं. एसएटीचा कुठलाही कट-ऑफ असा निर्णय घेऊ शकत नाही, कारण त्यासाठी समोरच्या मुलाची जबाबदारी घेणारं माणूस लागतं.

पुढे 1999 मध्ये एका संघराज्य न्यायाधीशाने एसएटीची किमान गुणांची अट कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर अन्याय करते म्हणून रद्द ठरवली. वरच्या न्यायालयाने तो निकाल तांत्रिक मुद्द्यावर फिरवला, पण 2003 मध्ये एनसीएएनेच किमान गुणांची भिंत काढली, आणि जानेवारी 2023 मध्ये प्रवेशपात्रतेसाठी अशा परीक्षेची अटच रद्द केली. थॉम्पसन 30 ऑगस्ट 2020 रोजी वारले. हे शेवटचं पाऊल त्यांना पाहायला मिळालं नाही. शाळेतल्या मुख्य विषयांची आणि सरासरीची अट कायम आहे, आणि ती असावीच.

मधल्या काळात मोजमाप उलट्या दिशेने करण्याचा एक प्रयत्नही झाला. मुलाला दारात मोजण्याऐवजी, आत आलेली मुलं अभ्यासात पुढे सरकतात की नाही यावर कॉलेजला मोजायचं. ही कल्पना थॉम्पसन यांच्या कारकिर्दीशी जुळणारी आहे. पण ती राबवताना काय झालं? कनेटिकट विद्यापीठाचा पुरुष संघ 2011 मध्ये विजेता ठरला, अभ्यासाच्या निकषात मात्र वारंवार नापास झाला. त्याबद्दल 2013 च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यावर बंदी आली. तोवर तिथले कोच जिम कॅल्हून 2012 च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झाले होते, आणि नापासांच्या यादीतली बरीच मुलं केव्हाच निघून गेली होती. बंदी भोगली ती त्या वर्षी वर्गात बसणाऱ्यांनी.

आता खेळाडूंना पैसे मिळू लागले आहेत. 2021 पासून जाहिरातींसारख्या मार्गांनी स्वतःच्या नावावर कमाई करता येते, आणि 2025 मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर प्रत्येक मोठं कॉलेज वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर थेट खेळाडूंमध्ये वाटू शकतं. हे व्हायलाच हवं होतं. पण दरवर्षी कॉलेज बदलणाऱ्या मुलाची पदवी कुणाच्या खात्यावर मांडायची, हा प्रश्न त्याने आणखी अवघड केला आहे. माझ्या मते ती कोचच्या खात्यावर मांडावी, आणि ते खातं कोचबरोबर फिरावं. तो कॉलेज बदलो, निवृत्त होवो, त्याने आणलेल्या मुलांपैकी किती जण शिकून बाहेर पडले हा आकडा त्याच्या जिंकलेल्या सामन्यांशेजारी दरवर्षी छापला जावा, त्याच्या मानधनाचा मोठा हिस्सा त्यावर ठरावा, आणि दंड झालाच तर तो त्याच्या पगारातून कापला जावा, मुलांच्या हंगामातून नव्हे.